गरिबीची शपथ आणि सोन्याची भिंत: जुन्या गोव्यातलं सेंट फ्रान्सिसचं मठ-चर्च नीट कसं पाहावं

जुन्या गोव्याची माझी पहिली फेरी सहलीच्या बसमधून झाली. गाइडने दीड तासात चार चर्च उरकली. रात्री फोटो पाहताना कुठली वेदी कुठल्या चर्चमधली, हे मलाच सांगता येईना. दुसऱ्यांदा कोल्हापूरची आत्या बरोबर होती. तिचे गुडघे दुखत असल्याने आम्ही एकाच चर्चमध्ये बसून राहिलो. दोन तास. त्या दोन तासांत मला बरोक, म्हणजे सतराव्या शतकातली ती भपकेदार चर्च-शैली, जेवढी कळली, तेवढी आधीच्या वाचनातूनही कळली नव्हती. म्हणून पहिला सल्ला हाच: एक चर्च निवडा आणि तिथेच थांबा.

माझं मत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चला. बहुतेकजण बॉम जेझू चर्चला धावतात, कारण सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव तिथे आहे. ते जरूर पाहा, पण तिथे रांग असते, प्रार्थना चालू असतात, मागून लोक ढकलतात. सेंट फ्रान्सिसचं चर्च से कॅथेड्रलच्या मागच्या अंगाला आहे. तिथे आता नित्य उपासना होत नाही, वास्तू पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. त्यामुळे कुणाच्या भक्तीत व्यत्यय न आणता मान वर करून हवा तितका वेळ पाहता येतं. शिवाय हे खरोखरीचं मठाचं चर्च आहे. शेजारच्या मठात फ्रान्सिस्कन संन्यासी राहत, आणि त्याच मठात आता संग्रहालय आहे.

(नावांचा घोळ आधीच मिटवून टाकू. झेवियर हा सोळाव्या शतकातला, जेझुइट या वेगळ्या पंथाचा. असिसीचा फ्रान्सिस त्याच्या तीनशे वर्षं आधीचा, इटलीतला, १२२६मध्ये वारलेला. फ्रान्सिस्कन पंथ त्याचा.)

जाण्यापूर्वी

पणजीहून जुना गोवा साधारण दहा किलोमीटर. फोंड्याकडे जाणाऱ्या बस तिथूनच जातात. कोकण रेल्वेने येत असाल तर करमळी हे जवळचं स्टेशन. संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. मी एकदा नेमका शुक्रवारीच पोहोचलो होतो, म्हणून हे वाक्य ठळक अक्षरात वाचा.

चर्चचं तोंड पश्चिमेला आहे. सकाळी गेलात तर दर्शनी भिंत सावलीत असते आणि फोटोही मळकट येतात. दुपारी तीननंतर उन्हं समोरून पडतात आणि दगडातलं काम उठून दिसतं. मी असं करतो: दोनच्या सुमारास संग्रहालय, मग बाहेरून भिंत, शेवटी आत. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने क्रम उलटा ठेवावा, आधी चर्च आणि मग संग्रहालय. का ते पुढे येईलच.

बरोबर छोटी दुर्बीण घ्या. पक्षी पाहणाऱ्यांची असते तीच चालेल. बरोकचं निम्मं काम डोक्याच्या वर असतं आणि मोबाइल झूम केला की नुसता सोनेरी लगदा दिसतो. पाण्याची बाटली हवी आणि पावसाळ्यात छत्री. इथे चपला काढायच्या नसतात, ही सवय आपल्याला जरा जड जाते. टोपी मात्र काढायची. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे घाला. या चर्चमध्ये प्रार्थना नसली तरी बाजूच्या चर्चमध्ये असते आणि तुम्ही तिकडेही जाणारच. फ्लॅश मारू नका.

पहिली पायरी: बाहेर, पन्नास पावलं मागे

आत घुसायची घाई करू नका. अंगणात मागे जाऊन संपूर्ण भिंत एका नजरेत घ्या. तीन मजली, दोन्ही बाजूंना अठकोनी बुरूज, चुन्याची पांढरी भिंत. कसलाही बडेजाव नाही. वास्तुशास्त्रात ज्याला तुस्कन धाटणी म्हणतात ती ही, ग्रीक-रोमन शैलींमधली सगळ्यांत साधी.

आता खाली दाराकडे पाहा. भिंत पांढरी आणि दाराची चौकट काळ्या पाषाणाची. हा विरोधाभास शोभेसाठी केलेला नाही, ती दोन वेगवेगळ्या काळांची कामं आहेत. आठ फ्रान्सिस्कन संन्यासी १५१७मध्ये गोव्यात आले. त्यांनी आधी छोटं प्रार्थनास्थळ उभारलं, मग १५२१मध्ये चर्च झालं. ते पाडून आजचं चर्च १६६१मध्ये बांधलं, पण जुन्याचं दार तेवढं ठेवलं. जुन्या वाड्याचा दिंडी दरवाजा नव्या इमारतीला बसवतात, तसंच. ते दार पोर्तुगालच्या राजा मानुएलच्या काळच्या धाटणीचं आहे, मानुएलीन म्हणतात तिला. दुर्बीण लावा आणि चौकटीवर गोलाकार, पट्ट्यांनी बांधल्यासारखा पृथ्वीगोल शोधा. खलाशी आकाश मोजायला वापरत त्या यंत्राची ती आकृती, मानुएलचं राजचिन्ह. जवळच सारख्या हातांचा क्रूस आहे. म्हणजे देवाच्या दारावर आरमाराचा शिक्का. पोर्तुगीज गोव्यात कशासाठी आले, याचं उत्तर आत जाण्याआधीच मिळतं.

दर्शनी भिंतीवरच्या कोनाड्यात मेरीची मूर्ती आहे, ‘चमत्कारांची माता’. ती श्रीलंकेतल्या जाफनाहून आणलेली. डचांनी १६५८मध्ये जाफना जिंकलं आणि तिथलं पोर्तुगीज राज्य संपलं. त्यानंतर तीन वर्षांनी हे चर्च उभं राहिलं. म्हणजे साम्राज्य एकेक बंदर गमावत होतं आणि गोव्यात सोन्याच्या वेदी चढत होत्या. मला यात भरभराटीपेक्षा हट्ट जास्त दिसतो.

भिंतीच्या पांढऱ्या रंगाबद्दलही दोन शब्द. आत सगळा जांभा आहे, गोव्यात ज्याला चिरा म्हणतात तो. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. पण तो सच्छिद्र असल्याने गोव्याचा पाऊस त्यात मुरतो. म्हणून वरून चुन्याचा गिलावा आणि दरवर्षी सफेदी. कोपरे आणि चौकटींसाठी मात्र टिकाऊ काळा दगड लागे, आणि जुन्या गोव्याच्या इमारतींसाठी तो वसईकडून गलबतांनी आणला जाई. बॉम जेझूचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यात काढून टाकला, म्हणून ते आज तांबडं दिसतं. पर्यटकांना तेच ‘अस्सल जुनं’ वाटतं. प्रत्यक्षात ते सोललेलं आहे.

दुसरी पायरी: दाराशी दोन मिनिटं

आत पाऊल टाकलं की थांबा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते आणि लोक त्या अंधारातच पुढे चालत सुटतात. दोन मिनिटं दाराशीच उभे राहा. प्रथम समोर लांबवर एक पिवळसर ठिपका दिसतो. मग तो पसरत जातो, त्यातून खांब निघतात, माणसं निघतात, आणि शेवटी अख्खी भिंत सोन्याची असल्याचं कळतं. ज्यांनी हे बांधलं त्यांना नेमकं हेच हवं होतं. गाभाऱ्यातल्या काळोखात समईच्या उजेडात देवाचा चेहरा हळूहळू उजळतो, तो अनुभव आपल्याला नवा नाही. फरक एवढाच की आपला गाभारा लहान आणि जवळचा, आणि इथे वेदी लांब ठेवून तुम्हाला तिच्याकडे चालायला लावलंय.

मुख्य दालनात मधे एकही खांब नाही, हे लक्षात घ्या. मग एवढ्या जड कमानदार छताचा भार कशावर? दोन्ही बाजूंना आडव्या जाड भिंती आत घेतल्या आहेत, त्या छताला रेटा देतात. बाहेरून टेकू द्यावे लागले नाहीत. त्या आडव्या भिंतींच्या मधल्या जागेत प्रत्येक बाजूला तीन अशी छोटी प्रार्थनास्थळं बसवली. एका दगडात दोन पक्षी: छत उभं राहिलं आणि समोरची वेदी प्रत्येकाला अडथळ्याविना दिसू लागली. प्रोटेस्टंटांच्या बंडानंतर कॅथलिक चर्चने इटलीतल्या ट्रेंटला मोठी परिषद घेतली, ती टप्प्याटप्प्याने चालून १५६३मध्ये संपली. लोकांना शिकवायचं, हलवायचं, डोळ्यांवाटे मनात शिरायचं, हे तेव्हापासूनचं धोरण. बरोक हे त्या धोरणाचं दृश्य रूप. ‘बरोक’ शब्दाचं मूळ पोर्तुगीज ‘बारोको’त सांगतात, म्हणजे वेडावाकडा मोती. सुरुवातीला ही शिवीच होती.

तिसरी पायरी: मान खाली

आता वेदीकडे न पाहता फरशी पाहा. पायाखाली कोरीव थडगी आहेत, सोळाव्या शतकापासूनची, घराण्यांच्या मानचिन्हांसह. ढाली, शिरस्त्राणं, वेली, कुठे अक्षरं झिजून गुळगुळीत झालेली. आत्या एका शिळेच्या कडेला पाय आखडून उभी राहिली.

“अगं बाई, यांच्यावरनंच चालायचं?”

“चालतात सगळे. त्यांची तशीच इच्छा असायची.”

“असेल बाई. मी कडेकडेनं येते.”

आणि ती खरोखर पूर्ण चर्चभर कडेकडेने आली.

पोर्तुगीज येत नसली तरी दोन शब्द ओळखता येतात. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे कबर, ‘एर्देइरुश’ म्हणजे वारस. ही जागा अमक्याची आणि त्याच्या वारसांची, असा मजकूर अशा शिळांवर नेहमी येतो. वेदीच्या जितकं जवळ तितका मान मोठा, हा हिशोब युरोपातल्या चर्चमध्ये होता, तोच इथे आला. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या चर्चचे अवशेष पाहिले असतील तर अशाच शिळा तिथे उघड्यावर पडलेल्या आठवतील. तिथे छप्पर नाही, इथे आहे, म्हणून इथलं कोरीवकाम वाचता येतं.

चौथी पायरी: बाजूच्या भिंती

घाईत सगळ्यांकडून सुटतो तो हाच भाग. आत घेतलेल्या त्या जाड भिंतींवर फुलापानांची भित्तिचित्रं आहेत. जवळ जा, हात लावू नका. नक्षी युरोपीय ग्रंथांच्या कडेला असते तशी सुरू होते, पण फुलं भरगच्च, एकमेकांत गुंतलेली, जागा न सोडणारी. मला त्यात छापील कापडाची आठवण येते. हात इथलेच असणार, असं पाहताना वाटत राहतं.

हा तर्क हवेतला नाही. सोळाव्या शतकात गोव्यातल्या चर्चच्या अधिकाऱ्यांनी ख्रिस्ती मूर्ती आणि उपासनेच्या वस्तू हिंदू कारागिरांकडून करून घेऊ नयेत, असे हुकूम काढले. हुकूम काढावे लागतात याचा अर्थ काम होत होतं. सुतार, सोनार, चितारी सगळे इथलेच. ज्यांच्या गावची देवळं १५४०नंतर पाडली गेली, त्यांच्याच हातांना नव्या वेदींवर काम होतं. सोनं पाहताना ही गोष्ट मनात ठेवावी असं मला वाटतं. त्याने सौंदर्य कमी होत नाही, पण पाहणं भाबडं राहत नाही.

पाचवी पायरी: मुख्य वेदी, खालून वर

आता बाकावर बसा. निदान वीस मिनिटं. वेदीमागची ही उभी लाकडी भिंत एकदम पाहू गेलात तर गोंधळ उडतो. ती खालून वर वाचायची.

मधल्या कोनाड्यात पवित्र भाकरी ठेवण्याची पेटी आहे. तिला चार पुरुषांच्या मूर्तींनी तोलून धरलं आहे. ते येशूचं चरित्र लिहिणारे चौघे: मॅथ्यू, मार्क, ल्यूक, जॉन. ख्रिस्ती कलेत त्यांच्या खुणा ठरलेल्या असतात: मॅथ्यूला देवदूत, मार्कला सिंह, ल्यूकला बैल, जॉनला गरुड. एकदा पाठ केल्या की जगातल्या कुठल्याही चर्चमध्ये उपयोगी पडतात. विष्णूला गरुड आणि शंकराला नंदी ओळखणाऱ्याला हे अवघड नाही.

त्याच्या वर या चर्चचा आत्मा आहे. क्रूसावरचा येशू आणि त्याला बिलगलेला फ्रान्सिस, दोघे जवळजवळ सारख्याच आकाराचे. देव आणि भक्त एका मापाचे करण्याचं धाडस सहसा दिसत नाही. फ्रान्सिसच्या पायांखाली तीन शपथा कोरल्या आहेत: गरिबी, नम्रता, आज्ञापालन. संन्याशांच्या नेहमीच्या तीन शपथांमध्ये नम्रतेच्या जागी ब्रह्मचर्य असतं. फ्रान्सिस्कनांच्या कमरेच्या दोरीला तीन गाठी असतात, त्या या नेहमीच्या शपथांच्या: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन.

आत्याला मी हे सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ वर पाहत होती.

“म्हणजे गरिबीची शपथ आणि एवढं सोनं?”

मला उत्तर सुचलं नाही. असिसीचा फ्रान्सिस कापड व्यापाऱ्याचा मुलगा होता. बापाने तक्रार केली तेव्हा बिशपसमोर अंगावरचे कपडे काढून त्याने बापाच्या हवाली केले. त्याच्या नावाने एवढं सोनं? पंथाचे लोक म्हणत, सोनं आमचं नाही, देवाचं आहे. आमच्या खोल्या पाहा, तिथे काही नाही. बरोक काळच्या जवळजवळ प्रत्येक मठाने हेच उत्तर दिलं आहे. ते पुरेसं आहे की नाही, हे बाकावर बसून तुमचं तुम्ही ठरवा. पंढरीच्या विठोबाला दागिने घालताना आपल्यालाही हा प्रश्न पडत नाही, असं आत्याच मग थोड्या वेळाने म्हणाली.

तर ते सोनं आहे तरी किती? दिसतं त्या मानाने फार थोडं. दुर्बीण एखाद्या झिजलेल्या कडेवर स्थिर करा. वेलीच्या टोकाशी किंवा एखाद्या देवदूताच्या गुडघ्यावर तांबूस रंग डोकावताना दिसला तर तीच खरी कृती. आधी लाकूड कोरायचं. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे पातळ थर द्यायचे, म्हणजे लाकडाचे रेषे बुजतात. मग तांबडी माती. मग ओलाव्यावर सोन्याचा वर्ख, श्वासानेही उडेल इतका तलम. शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचं. तांबड्या मातीमुळे वरचं सोनं उबदार दिसतं, नाहीतर ते हिरवट वाटतं. जिथे घोटलंय तिथे आरशासारखी चमक, जिथे तसंच सोडलंय तिथे मंद. दोन्ही शेजारी ठेवल्याने दिव्याच्या हलत्या ज्योतीत सगळी भिंत हलते. विजेच्या स्थिर दिव्यात ते कळत नाही. एक डोळा मिटून डोकं हळूच डावीकडून उजवीकडे न्या, थोडंसं कळेल. लोक बघतील, बघू द्यात.

सहावी पायरी: फ्रान्सिसची चित्रं

वेदीच्या आसपासच्या भिंतींवर लाकडी फळ्यांवर रंगवलेली फ्रान्सिसच्या आयुष्यातली चित्रं आहेत. रंग काळवंडलेत, त्यामुळे आधी गोष्टी माहीत हव्यात. फ्रान्सिसच्या चित्रमालिकांत हमखास येणारे प्रसंग असे: कपडे काढून बापाला परत देणं, पक्ष्यांना उपदेश, गुब्बिओ गावच्या लांडग्याला माणसाळवणं, आणि १२२४मध्ये डोंगरावर त्याच्या हातापायांवर येशूच्या जखमा उमटणं. शेवटचा प्रसंग ओळखायला सोपा, आकाशातून किरण येऊन त्याच्या अंगाला भिडलेले असतात. यादी हातात घेऊन एकेक फळी जुळवत जा. सगळ्या जुळणार नाहीत. पोरं बरोबर असतील तर हा खेळ त्यांना भलताच आवडतो आणि ती आपल्याआधी ओळखतात.

सातवी पायरी: मठ

आता संग्रहालय. हेच ते मठाचं घर. १८३५मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले संन्यासी पंथ बंद केले, मठ रिकामे झाले. पुरातत्त्व खात्याने इथे १९६४मध्ये संग्रहालय सुरू केलं. गव्हर्नर आणि व्हॉइसरॉयांच्या तसबिरी रांगेने लावल्या आहेत. चेहऱ्यांकडे पाहण्यापेक्षा कपड्यांची फॅशन शतकागणिक कशी बदलते ते पाहा, जास्त मजा येते. पोर्तुगीज कवी कामोईशचा ब्राँझचा पुतळाही इथे आहे.

पण मराठी माणसाने थांबावं ते दगडी शिल्पांपाशी. वीरगळ, सतीशिळा, कदंबकाळची शिल्पं. गोव्याच्या देवळांतले अनेक देव नदी ओलांडून अंत्रुजला, म्हणजे आजच्या फोंडा भागात गेले. मंगेशी, शांतादुर्गा त्यांतलेच. मागे राहिलेले दगड मठात आले. म्हणून हे शेवटी पाहा म्हटलं. चर्चमधलं सोनं डोळ्यांत असताना वीरगळासमोर उभं राहिलं की दोन्ही एकाच मातीतले आहेत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेळ उरला तर

पश्चिमेकडच्या टेकडीवर सेंट ऑगस्टिनच्या मठाचा मनोरा आहे, सुमारे ४६ मीटर उंचीचा. चालत जाता येतं, चढ सौम्य आहे. १८३५नंतर तिथे राहणारं कुणी उरलं नाही, १८४२मध्ये छत कोसळलं, मग एकेक करून बाकीचं. गिलावा गेलेला, चिरा उघडा पडलेला आणि त्यात गवत. सेंट फ्रान्सिसमध्ये आत घेतलेल्या जाड भिंती पाहिल्या होत्या ना, तशाच इथे छताविना उभ्या दिसतात. चर्च कसं बांधतात हे इथे कापून ठेवल्यासारखं समजतं. इथली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे, त्या प्रसिद्ध पांढऱ्या जिन्यांच्या वर.

आत्या टेकडीवर आली नाही. परत आलो तेव्हा ती चर्चच्या पायरीवर बसून काळ्या चौकटीवरचा पृथ्वीगोल पाहत होती. “हा मघाशी दिसलाच नव्हता,” म्हणाली. उन्हं कलली होती, म्हणून दिसला.